आधी कुणीतरी केलेलं असतंच

पोलिसांकडे किस्से असतात, डॉक्टरांकडे असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दिवसभर खुर्चीत बसून जुने पेपर आणि पेटंटं उकरणाऱ्या माणसांकडे कसले आलेत किस्से, असं माझ्या नवऱ्यालासुद्धा वाटायचं. आता तो संध्याकाळी चहा ठेवतो आणि विचारतो, "आज कोणाचं काय मोडलं?"

मोडणं हाच आमचा धंदा! गुरुग्रामला एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. कॉम्प्युटरमधला कुणी नवा शोध लावला, की तो खरंच नवा आहे का हे आम्ही तपासतो. जगभरातले रिसर्च पेपर, युनिव्हर्सिट्यांचे टेक्निकल रिपोर्ट, जुनी पेटंटं, सगळं चाळायचं आणि हेच आधी कुणी करून ठेवलंय का ते शोधायचं. सापडलं तर पेटंट गेलं. आमच्या भाषेत त्या सापडलेल्या गोष्टीला 'प्रायर आर्ट' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, "राजा, तू उशीर केलास!"

लंचला आमचं मराठी टेबल वेगळं असतं. मी पुण्याची, अनघा नाशिकची, रुबीना कोल्हापूरची आणि भोसले औशाचा. भोसले यूपीएससीसाठी दिल्लीत आला, मुनिरक्याच्या एका खोलीत त्याची कित्येक वर्षं गेली, सगळे अटेम्प्ट संपले आणि मग तो आमच्याकडे आला. डब्याची झाकणं उघडली की कोणीतरी "अगं, आज काय झालं माहितीये?" म्हणून सुरू करतं. आम्ही बऱ्याचदा हसतो. हसण्यासारखं नसतं तरी हसतो.

*

भोसल्याचा पहिलाच आठवडा. आमचे बॉस त्रिपाठी सर, लखनौचे, बोलायला अतिशय अदबशीर. त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे एक फ्रेम होती. तरुणपणी त्यांना मिळालेलं अमेरिकन पेटंट, लाल फीत आणि सोनेरी शिक्क्यासकट. येणारा जाणारा आधी ती फ्रेम बघायचा, मग सरांना नमस्कार करायचा.

नव्या माणसाला सर एक जुनं पेटंट देत, नाव झाकून. "इसे तोड़ के दिखाइए." कुणालाच तोडता यायचं नाही. मलाही आलं नव्हतं. मग सर खूश होऊन सांगायचे की निराश व्हायचं नाही, काही गोष्टी खरंच नव्या असतात.

भोसल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. परीक्षेच्या अभ्यासातून त्याला एक सवय लागलेली, तळटीप वाचल्याशिवाय पान उलटायचं नाही. एका पेपरच्या तळटिपेतून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असं करत तो एका परदेशी युनिव्हर्सिटीच्या टाइप केलेल्या रिपोर्टापर्यंत पोचला. स्कॅन तिरका, अर्धी अक्षरं पुसट. पण सरांच्या पेटंटातली मूळ कल्पना त्यात सरळ लिहिलेली होती, सरांच्या कितीतरी आधी.

भोसले उड्या मारतच केबिनमध्ये गेला. "सर, टूट गया!"

सरांनी रिपोर्ट पूर्ण वाचला. पुन्हा पहिल्या पानावर आले, पुन्हा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बहुत बढ़िया, भोसले जी. बिल्कुल सही."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फ्रेम नव्हती, नुसता खिळा होता. भोसल्याला आम्ही तेव्हा सांगितलं की ते पेटंट कुणाचं होतं. त्याचा घास हातातच राहिला. "ताई, म्हणजे पहिल्या आठवड्यात मी साहेबांचंच घर फोडलं की!"

तो माफी मागायला गेला, तर सरांनी त्याला समोर बसवून चहा मागवला. म्हणाले, "माफ़ी कैसी? एक काम कीजिए. इसको ट्रेनिंग मटेरियल में डाल दीजिए. बच्चों को दिखाएँगे कि कैसे तोड़ते हैं."

आता त्या खिळ्याला कॅलेंडर आहे.

*

नारंगसाहेब रोहतकचे. सरकारी इंजिनियर म्हणून रिटायर झालेले. आमच्याकडे बहुतेक कामं कंपन्यांची आणि वकिलांची येतात, एकटा माणूस क्वचितच. हे स्वतः आले, मेट्रोनं, बगलेत गुंडाळलेले नकाशे घेऊन.

त्यांची कल्पना अशी: ॲम्ब्युलन्स निघाली, की पुढच्या सगळ्या सिग्नलना आपोआप कळलं पाहिजे. ती पोचायच्या आत रस्ता मोकळा. कुठला सिग्नल आधी हिरवा करायचा, अडवलेली गर्दी कुठल्या गल्लीत सोडायची, याचं सगळं गणित त्यांनी मांडलं होतं. म्हातारपणी प्रोग्रामिंग शिकून, नातवाच्या जुन्या लॅपटॉपवर.

मी त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, "सर, ये ख़याल कैसे आया?"

"मेरी मिसेज़ ॲम्ब्युलन्स में थीं," ते म्हणाले. "महिपालपुर की रेड लाइट पे."

आणि त्यांनी नकाशे उलगडले.

सर्च मी केला. सापडू नये असं वाटत असलं की हटकून लवकर सापडतं! जपानी पेटंट, जुनं, मुदत संपून केव्हाच सगळ्यांसाठी खुलं झालेलं. चित्रंसुद्धा तीच, सिग्नल, रांगा, मधून जाणारी गाडी. मी आणखी चार ठिकाणी शोधलं, काहीतरी फरक निघेल या आशेनं. उलट आणखी दोन सापडली.

असं फोनवर सांगू नये म्हणून त्यांना बोलावून घेतलं. चित्रं समोर ठेवली. त्यांनी प्रत्येक चित्रावरून बोट फिरवलं, आपलंच काम तपासावं तसं. एका ठिकाणी मान डोलावली. "ये मुझसे अच्छा किया है."

मी म्हटलं, "सर, आय ॲम सॉरी. ये पहले से है."

"पहले से है?"

"जी सर."

"तो बेटा," त्यांनी अगदी हळू विचारलं, "उस दिन वहाँ क्यों नहीं था?"

*

रुबीनाचा किस्सा ऐकून भोसले म्हणाला होता, "ह्याच्यापेक्षा हाणामारी परवडली!"

आमच्याकडे गुप्तता फार पाळावी लागते. एका क्लायंटचं काम दुसऱ्याला कळता कामा नये, काम चालू असताना आपसातसुद्धा बोलायचं नाही. झालं असं, की एका वकिलाकडून एक काम आलं. फोटोतून पिकावरचा रोग ओळखणारं सॉफ्टवेअर. रुबीनानं ते सुरू केलं. त्याच सुमारास दुसऱ्या वकिलाकडून दुसऱ्या माणसाचं काम आलं. तेही पिकावरचा रोग ओळखण्याचंच.

रुबीनानं दोन्ही आकृत्या पाहिल्या आणि ती चरकली. एकच आकृती! इंग्रजी 'leaf'चं स्पेलिंगसुद्धा दोन्हीकडे सारखंच चुकलेलं.

नियमाप्रमाणे तिनं त्रिपाठी सरांना सांगितलं. सरांनी एक काम परत पाठवलं, कारण न देता. दुसरं पुढे चालू राहिलं. रुबीनाला वाटलं, एकानं दुसऱ्याचं चोरलं असणार. "कोण चोर ते कळू दे फक्त, मग मला झोप लागेल," असं म्हणायची.

आणि मग तिला तो रिपोर्ट सापडला. एका छोट्या इंजिनियरिंग कॉलेजच्या वेबसाइटवर, कोपऱ्यात पडलेला, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तीच आकृती, तेच चुकलेलं स्पेलिंग, आणि पहिल्या पानावर दोघांचीही नावं. चोर कुणीच नव्हता. दोघांनी मिळून केलेलं होतं, मग काहीतरी फाटलं आणि दोघंही आपापलं म्हणून पेटंट घ्यायला धावले.

पण रिपोर्ट जगजाहीर होऊन बराच काळ लोटला होता. एकदा छापलं गेलं की ते जुनं झालं, मग ते तुमचं स्वतःचं का असेना! म्हणजे दोघांचंही पेटंट मेलं, आणि मारलं ते दोघांनी मिळून लिहिलेल्या रिपोर्टानं.

रुबीनाला तो पुराव्यादाखल पूर्ण जोडायचा होता. ती शेवटपर्यंत गेली. आभाराच्या पानावर एकच ओळ होती.

"आम्ही दोघे एकमेकांचे आभार मानत नाही, कारण भावांमध्ये आभार नसतात."

*

अनघाचा हातखंडा म्हणजे शब्द. जुन्या साहित्यात शोधायचं तर आजचे शब्द चालत नाहीत. आज ज्याला आपण 'क्लाउड' म्हणतो, ती कल्पना जुन्या लोकांनी भलत्याच नावानं लिहून ठेवलेली असते. एका गोष्टीची दहा नावं अनघाला तोंडपाठ. आम्ही अडलो की म्हणतो, "अनघाला विचार, याला पूर्वी काय म्हणायचे?"

तिच्या सासूबाई नाशिकहून तिच्याकडे नोएडाला आल्या होत्या. तेव्हा हवा इतकी वाईट झाली होती की शाळा बंद. अनघाची इरा, तिसरीतली, दिल्लीतच जन्मलेली, आजीसोबत घरी. नवरा बंगळुरूला टूरवर. स्वयंपाकाच्या बाई काम आटपून गेलेल्या.

दुपारी इराचा फोन आला. अनघा तेव्हा एका क्लायंटच्या कॉलवर होती. तिनं दुसरा फोन कानाला लावला. "बोल बेटा, पटकन."

"मम्मा, आजी बोल रही है, कल आ रही है."

अनघाची नणंद पुढच्या आठवड्यात यायची होती. तिला वाटलं, लवकर येतेय वाटतं. "कौन, आत्या? अच्छा. आजीला सांग, मी घरी आल्यावर बोलते."

"नहीं मम्मा, आजी बार बार बोल रही है. कल आ रही है, कल आ रही है."

"हां बेटा, कल. ओके? बाय."

कॉल चालूच होता. मी तिच्या शेजारीच बसले होते. अनघानं माउस हातात घेतला, थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मधुरा," ती म्हणाली, "माझ्या पोरीला 'ळ' म्हणता येत नाही गं."

तिनं फोन लावला. इरा म्हणाली, आजी आता काही बोलत नाहीये, झोपलीय, आणि तिला खूप घाम आलाय.

अनघानं शेजारच्या कौरआंटींना फोन केला; त्यांनी दार उघडून घेतलं, त्यांच्या मुलानं सासूबाईंना उचलून गाडीत घातलं. अनघा आणि मी कॅबमध्ये, नोएडाकडे जाणाऱ्या डीएनडी पुलावर, समोर धुरकं आणि गाड्यांचे लाल दिवे. ती सारखं एकच पुटपुटत होती, "कळ म्हणत होत्या त्या. छातीत कळ. कळ."

सासूबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला, पण वाचल्या. बऱ्या झाल्यावर त्या नाशिकला परत गेल्या आणि पुन्हा यायचं नाव काढत नाहीत. पण इराला रोज फोन करतात. तिकडे शेजारच्या एका हिंदी बाईंकडून त्यांनी शिकवणी लावल्यासारखी हिंदी शिकून घेतलीय. "बेटा, मेरे को आज घुटने में दर्द है," असं सांगतात.

परवा इरा फोन ठेवून आनंदानं ओरडली, "मम्मा, आजी ने बोलना सीख लिया!"

*

भोसल्याचे वडील म्हणजे औशाचे रिटायर्ड मास्तर. ते जानेवारीत आले ते पानिपतला जायचं म्हणून. मराठी माणूस दिल्लीत येतो, लाल किल्ला बघतो न बघतो, पण पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबला, जायचं म्हणतोच! भोसल्यानं आम्हा तिघींनाही गळ घातली. त्याला वडिलांसोबत एकट्यानं जायचं नव्हतं, हे आम्हाला कळत होतं. शेवटचा निकाल लागल्यापासून तो गावी गेला नव्हता. सणाला नाही, बहिणीच्या बाळाच्या बारशाला नाही. "सुट्टी नाही" म्हणायचा. सुट्टी त्याच्या नावावर ढिगानं शिल्लक.

गाडीत मास्तरांनी विचारलं, "तुमच्या हापिसात नेमकं काय करतात? ह्याला इचारलं तर नीट सांगत नाही."

मी सांगितलं, "लोक म्हणतात आम्ही पहिले, आम्ही दाखवतो की तुमच्या आधी दुसराच कुणीतरी होता."

"मंजी दुसऱ्याला हरवायचं," मास्तर म्हणाले.

भोसले खिडकीबाहेर बघत राहिला.

काला अंबला त्या दिवशी गर्दी होती. फेटे, झेंडे, घोषणा, सेल्फी. साताऱ्याहून एक बसच आली होती. मास्तरांनी चपला काढल्या, स्तंभापुढे हात जोडून बराच वेळ उभे राहिले. मग एका पोराला थांबवून विचारलं, "कुठून आलास बाळा?" तो म्हणाला, "कराडवरून." दुसऱ्याला विचारलं, तो बार्शीचा.

मग ते भोसल्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही जरा मागे होतो, पण मास्तरांचा आवाज वर्गातला.

"बघितलास का? कोण बार्शीचा, कोण कराडचा. हितं आपण हरलो होतो रे. तरी माणसं एवढ्या लांबून येत्यात." त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "तू हरलास तर घरला यायला काय झालंय तुला?"

*

आता हा शेवटचा. हा आम्ही डबा खाताना सांगत नाही.

ऑफिसनं सर्चसाठी नवा एआय आणला. प्रश्न टाकला की तो पेपरांची नावं काढून देतो, लेखकासकट, एकदम छान मांडून. एका केसमध्ये आम्ही सगळे अडलो होतो, आणि यानं फटकन एक टेक्निकल रिपोर्ट दिला. नेमका पाहिजे तसा! लेखक पुण्याचे एक प्राध्यापक. गडबडीत ते नाव क्लायंटच्या वकिलाला गेलं. वकिलाचं उत्तर आलं, रिपोर्ट कुठेच मिळत नाही, पूर्ण प्रत पाठवा.

भोसले शोधायला बसला. प्राध्यापक खरे होते, त्यांचे बाकीचे पेपर खरे होते. हा एक मात्र मिळेना. शेवटी त्यांच्या जुन्या वेबपेजवर ईमेल सापडला, त्यावर त्यानं विनंती पाठवली.

उत्तर मराठीत आलं, त्यांच्या पत्नीकडून. 'हे गेल्या वर्षी गेले. त्यांचं सगळं लिखाण मी एकत्र करते आहे. मला वाटलं होतं, सगळं मिळालं. तुम्ही म्हणता तो रिपोर्ट माझ्याकडे नाही. तुम्हाला सापडला तर कृपा करून मला पाठवाल का?' खाली फोन नंबर.

तोपर्यंत रुबीनानं छडा लावला होता. असा रिपोर्टच नव्हता. यंत्रानं शीर्षक रचलं, नाव चिकटवलं आणि दिलं.

त्रिपाठी सर म्हणाले, मेल मत कीजिए, फ़ोन कीजिए. मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं बसलो. भोसल्यानं स्पीकर लावला.

"नमस्कार काकू, मी दिल्लीहून भोसले. तुम्हाला त्या रिपोर्टाबद्दल..."

"हो, हो! मिळाला का?"

"काकू, तो रिपोर्ट नाहीये."

"हरवला?"

"नाही. म्हणजे सरांनी तो कधी लिहिलाच नव्हता. आमच्या कॉम्प्युटरनं ते नाव मनानंच तयार केलं. चूक आमची आहे. फार वाईट वाटतंय."

"त्याला ह्यांचं नाव कसं काय माहीत?"

"सरांचं सगळं लिखाण त्यानं वाचलं असणार."

"सगळं?"

"बहुतेक."

"मीसुद्धा नाही हो वाचलं सगळं," त्या म्हणाल्या. "मला कळायचंच नाही." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "बरं, कशाबद्दल लिहिलंय म्हणे त्यात?"

भोसल्यानं आमच्याकडे बघितलं. रुबीनानं मान हलवली, सांग. त्यानं स्क्रीनवरून वाचून मराठीत करून सांगितलं. दोन कॉम्प्युटरमधला संपर्क तुटतो, दोघंही आपापल्या परीनं पुढे लिहीत राहतात, आणि मग पुन्हा जोडले गेल्यावर कुणाचंही काही न पुसता ते सगळं एकत्र कसं आणायचं, त्याची रीत.

भोसले म्हणाला, "काकू? ऐकू येतंय ना?"

"येतंय," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलात रोज हेच सांगायचे. एवढं एक लिहायचं राहिलं, एवढं एक राहिलं. मी म्हणायची, बरे व्हा, मग लिहा." मग त्यांचा आवाज एकदम कामाला लागल्यासारखा झाला. "थांबा हं, पेन घेते. आता पुन्हा पहिल्यापासून सांगा. सावकाश."